ताणकाट्याने दाखवलेले अडीच

मित्रांनो, कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकलेला मी एक जुना ताणकाटा आहे. तुम्ही मला स्प्रिंग बॅलन्स म्हणता. म्हणा. आता नावासाठी भांडायची ताकद माझ्यात उरलेली नाही. वर एक कडी, खाली एक आकडा, मध्ये स्प्रिंग आणि पुढे शून्यापासून पाच न्यूटनपर्यंतची पट्टी, एवढाच माझा संसार.

तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. शाळेत आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! विज्ञान शिकवणारे कमळाकर सर तेव्हा तरुण होते. ते मला उंच धरून म्हणायचे, "बल डोळ्यांना दिसत नाही. पण ते किती आहे, हे याला विचारा. हा सांगेल." मग माझ्या आकड्याला ठोकळा अडकवून ते तो टेबलावरून ओढत. ठोकळा हलण्याआधी माझा काटा चढत जातो आणि तो सरकू लागला की थोडा उतरतो, हे बघायला मुले एकमेकांच्या अंगावर रेलत. मला धन्य वाटे.

ते दिवस सरले. वर्गात मुले वाढली. सरांच्या मागे सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे लागली, आणि बल व गतीचे धडे फळ्यावरच उरकू लागले. एका सुट्टीत पोरांनी गंमत म्हणून माझ्या आकड्याला दप्तर टांगले. पाच न्यूटनचा माझा जीव, दप्तर कसे पेलणार? स्प्रिंग ढिली पडली ती पडलीच. तेव्हापासून आकडा रिकामा असला तरी माझा काटा अर्ध्या न्यूटनवर उभा असतो. दोन न्यूटन वजनाचा ठोकळा लावला, की मी अडीच दाखवतो.

हे कोणाच्याच लक्षात आले नाही. नववीची मुले ठोकळा लावायची, माझ्याकडे पाठ करायची आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून 'दोन' उतरवून घ्यायची. सर सही करायचे. मी अडीच, अडीच सांगून थकलो. कपाटात धूळ खाणे परवडले, पण रोज कामावर असून कोणी ढुंकूनही बघत नाही, हे फार लागते.

गेल्या वर्षी अक्षता नावाच्या मुलीने मात्र वाकून काट्यासमोर डोळा आणला आणि अडीच लिहिले.

"येडी आहेस का? सगळ्यांचं दोन आलंय," तिच्या गटातला पार्थ म्हणाला.

"आलंय कुठे? तुमी बघितलंच नाय."

सरांनी तिच्या अडीचवर लाल फुली मारली. "दोन लिहून आण, मग गुण देतो," म्हणाले आणि पुढची वही ओढली. तिचा चेहरा पडला. मला तिच्या गुणांची काळजी नव्हती. इतक्या वर्षांत बघणारी ही एक पोर भेटली, तीही आता बघायचे सोडून देईल, या विचाराने मात्र माझा जीव खालीवर झाला.

मधल्या सुट्टीत ती मला आणि ठोकळ्याला घेऊन सरांकडे गेली. पार्थही मागोमाग आला. सर डबा खात होते.

"सर, मी दोन लिहिते. पण आधी तुमी एकदा बघा ना."

सर वैतागले. तरी हात पुसून, चष्मा चढवून वाकले. कित्येक वर्षांनी त्यांचा डोळा माझ्या काट्यासमोर आला. अडीच. त्यांनी ठोकळा काढला. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी ठोकळा पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"तुझं वाचन बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "रिकामा असताना हा अर्धा दाखवतोय. तो वजा कर, म्हणजे दोन येतं."

पार्थ खूश झाला. "म्हणजे सर, आमचं पण बरोबर ना?"

"उत्तर बरोबर आहे रे. पण ते तू काढलेलं नाहीस." सरांचा आवाज उतरला. "आणि मीही न बघताच सही केली."

अक्षताला तिचे गुण मिळाले. मला वाटले, आता मोडका म्हणून माझी रवानगी भंगारात. पण सरांनी मला ठेवून घेतले. शाळेत नवे ताणकाटे आले, तरी यंदाच्या नववीच्या पहिल्या प्रयोगाला त्यांनी मुद्दाम मलाच टांगले आणि कोणाला काही सांगितले नाही. एकामागून एक मुले ठोकळा लावून गेली. सगळ्या वह्यांत दोन.

सर रागावले नाहीत. त्यांनी एकही सही न करता वह्या परत दिल्या आणि म्हणाले, "पुन्हा घ्या." मुले कुरकुरत रांगेत उभी राहिली.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. पेलवणार नाही ते माझ्यावर टांगू नका. आणि लिहिण्याआधी एकदा खाली वाका. मी दोन दाखवत असेन तर दोन लिहा, अडीच दाखवत असेन तर अडीच. चूक असेल तर ती आपण दोघे मिळून शोधू. पण आधी माझ्याकडे बघा.