तिसरी पायरी नसलेली शिडी

मित्रांनो, मुर्रीच्या शाळेमागच्या पडवीत आडवी टांगलेली जुनी बांबूची शिडी तुम्ही रोज पाहता. तीच मी. माझ्यात जागा नऊ पायऱ्यांची आहे, पण पायऱ्या आठच आहेत. खालून तिसरी नाही. म्हणून तुम्ही मला ‘दात पडलेली म्हातारी’ म्हणता. परवा तुमच्यापैकी काहींनी गुरुजींना सुचवले, की हिला नवी पायरी बसवू या. तुमचा हेतू चांगला आहे. पण सुतार येण्याआधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म सालेकशाच्या जंगलातला. उदेभान नावाच्या कारागिराने अंधाऱ्या पंधरवड्यात दोन बांबू तोडले, कारण तेव्हा तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवले होते. त्याने ते धुरावर शेकले, भोके पाडली आणि पायऱ्या ठोकून बसवल्या. मग मी रेल्वेने गोंदियाला आले. तिथे चुन्नीलाल सेठचा सिनेमाचा तंबू होता. तंबूत तुमच्याच मुर्रीचा बिसराम नावाचा गडी काम करी. मला खांद्यावर घ्यायचे, गावभर खळीने जाहिरातीचे कागद चिकटवायचे आणि संध्याकाळी तंबूत दिवे टांगायचे, हे त्याचे काम.

तेव्हाचा सिनेमा मुका होता. पडद्यावरची माणसे घसरत, आपटत, भिंतीवर धडकत आणि कपडे झटकून पुन्हा चालू लागत. त्या परदेशी नटांची नावे बिसरामला उच्चारता येत नसत. तो त्यांना लांबोडा, गोलू आणि कधी न हसणारा म्हणे. पण त्यांना तो गुरू मानी. “पडणं सोपं नाई,” तो मला टेकून म्हणे, “पडून उठणं त्याहून कठीण.”

बिसरामची मोठी बहीण चमेली रोज पहिल्या रांगेत बसे. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. आपला आवाज कसा निघतो हे कळत नसल्याने ती बोलायलाही लाजे. पण मुक्या सिनेमात तिला कोणाची मदत लागत नसे. तंबूत सर्वांत आधी तीच हसायची.

मग बोलका सिनेमा आला. लोक वाक्यावाक्याला हसू लागले. चमेली शेजारणींचे चेहरे बघायची आणि त्या हसल्या की मागून हसायची. माझ्यावर बसून खेळ पाहणाऱ्या बिसरामला हे दिसले. तिसऱ्या दिवशी ती घरीच थांबली. “मले काईच समजत नाई,” ती म्हणाली. “तू जा.”

बिसरामने सेठला विनवले, आठवड्यातून एकदा तरी जुना खेळ लावा. सेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याने मान हलवली. “गूंगों का जमाना गया, बिसराम.”

बिसरामने त्याच दिवशी ठरवले. तंबूत नाही, तर मंडईत. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा तुम्हाला माहीतच आहे. तिथे भर दुपारी दंडार होते, म्हणजे आपले गाण्याबजावण्याचे नाटक. मुर्रीच्या दंडारीचा म्होरक्या खेमराज होता. दरसाल दंडारीत सोंग घेणारा बिसराम त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, की मुक्या सिनेमातल्या माझ्या गुरूंच्या मानाचा एक खेळ करायचा आहे. त्यात एक शब्दही नसेल.

“शब्दाबिगर दंडार?” खेमराज म्हणाला. “लोक उठून गेले, तर पुन्हा माझ्या मंडळीत पाय ठेवायचा नाई.”

“कबूल,” बिसराम म्हणाला.

मग सुरू झाला सराव. गेल्या सालच्या तनसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर तो शंभरदा पडला. जोडीला धिप्पाड बकाराम होता, हातात खळीची बादली घेतलेला. आणि मला सेठकडून मागून घेऊन एका सकाळी बिसरामने करवत आणून माझी तिसरी पायरी कापून काढली. मित्रांनो, मला फार राग आला. मला वाटले, आता मी शिडी राहिले नाही. तो मात्र माझ्यावर हात फिरवत म्हणाला, “लोकायले भोक दिसलं पाह्यजे, अन् मले दिसू नये. हसू त्याच्यातच हाये.”

मंडईचा दिवस आला. दंडारीची रीत अशी, की आधी देवाला आणि गुरूला नमन गायचे. बिसराम मला घेऊन मांडवात आला. हात जोडले, पण गाणे नाही. तो लांबोड्यासारखा सरळ उताणा पडला. उठला. गोलूसारखा गडगडत गेला. उठला. मग कधी न हसणाऱ्यासारखा तोंडावरची रेषही न हलवता बसल्या जागी कोसळला. एका गुरूला एक पडणे. हेच त्याचे नमन होते.

लोकांना ते कळले नाही. पडद्यामागे मनिराम बसला होता. नट अडला की वही बघून त्याला ओळ पुरवायची, हे त्याचे काम. वीस वर्षांची सवय! त्याला वाटले, बिसराम घाबरून नमन विसरला. त्याने मागून ते मोठ्याने म्हणायला घेतले. मग पुढच्या रांगाही मदतीला आल्या. “अरे, गणपतीपासून धर.” “पानी पाजा त्याले.” मागचे काही उठू लागले. खेमराज बाजूने हाताने खुणावत होता, ये, परत ये.

बिसराम परत फिरला नाही.  त्याने मला मांडवाच्या खांबाला टेकवून उभे केले आणि तो चढू लागला. पहिली पायरी, दुसरी, आणि तिसऱ्या जागी पाय आरपार. खाली खळीची बादली. तो उठला. पुन्हा चढला. पुन्हा आरपार.

तेव्हा एक हसू फुटले. विचित्र, भसाडे आणि खूप मोठे. चमेलीचे. लोकांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले, मग ती कुठे पाहते आहे तिकडे पाहिले. बिसराम तिसऱ्यांदा तिथेच पाय टाकत होता आणि खाली बकाराम बादली सावरत होता. सारा मांडव हसला. उठलेले बसले. मनिरामने वही मिटली आणि तो पुढे येऊन मुलांमध्ये बसला.

खेळ संपला. चमेली पुढे आली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. तिने बिसरामच्या तोंडावरची खळ पदराने पुसली आणि ती मोठ्याने म्हणाली, “आनखी पड.”

त्यानंतर दहा मंडया आम्ही तो खेळ केला. मग बिसरामचे गुडघे गेले आणि त्याने मला इथे आणून टांगले. दोन वर्षे कोणी हात लावलेला नाही. डाव्या पायाकडून वाळवी चढते आहे.

म्हणून मित्रांनो, ती वाळवी झाडा. मला तेलाचा हात द्या. पण पायरी बसवू नका. ती तुटलेली नाही, ती विचार करून काढलेली आहे. आणि तुमच्या वर्गात कोणी सगळ्यांच्या मागून हसत असेल, तर त्याच्याकडे जरा लक्ष द्या.

मंडईला तीन आठवडे उरले आहेत. चमेलीबाई अजूनही पहिल्या रांगेत जागा धरते. मला खाली काढा, आणि तनसाचा ढीग गाठा. कोणीतरी पडायला शिकले पाहिजे.