नाव घातलेलं ताट

थंडीला कंटाळून माणसं उबदार बेटांवर पळतात म्हणे. मरोळच्या गावठाणात डिसेंबरातही पंखा बंद होत नाही, तेव्हा डोरोथी ऐन नाताळात अंदमानला निघाली ती थंडीपायी नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिच्या नणंदेला, जेनेव्हिव्हला, तेवढं कळलं नाही. "माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि ही काळ्या पाण्याला चालली मजा मारायला," असं ती गल्लीभर सांगत सुटली.

डोरोथीने बॅग भरायला घेतली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

गेल्या नाताळापर्यंत त्या घराची रीत ठरलेली होती. डोरोथीने नेवऱ्या म्हणजे करंज्या, तळलेले गोड कुलकुल आणि केक करायचे, ताटं भरायची, त्यांवर क्रोशाचे रुमाल घालायचे आणि तिच्या नवऱ्याने, झेवियरने, ती स्कूटरवरून घरोघरी पोचवायची. पुढच्या आठवड्यात ताटं परत यायची, आणि एकही रिकामं यायचं नाही. कुणी चिवडा घालायचं, कुणी लाडू. गेल्या वर्षी मात्र एक ताट आलंच नाही. तेही नेमकं लग्नात आईने दिलेलं, दोघांची नावं घातलेलं.

"कुणाला दिलंस?" डोरोथीने विचारलं.

"आठवत नाही गं. येईल की. ताटाला काय पाय फुटतात?"

मग डोरोथीने घर डोक्यावर घेतलं. तिची जीभ तशी गावठाणात प्रसिद्धच. सकाळी ताट, दुपारी ताट, जेवताना ताट. नवं वर्ष लागून दोन-तीन दिवस झाले तरी तिचं संपेना. शेवटी एका दुपारी ती बोलून गेली, "एवढंसुद्धा लक्षात राहत नाही, तर जगतोस तरी कशाला?"

झेवियर भिंतीकडे तोंड करून पडला. त्याचे खांदे हलत होते. म्हातारा रडतोय हे तिला दिसलं, जवळ जावंसंही वाटलं, पण राग अजून उतरला नव्हता. ती भांडी घासायला गेली. चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच.

हे डोरोथीने कुणालाही सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये फादरसमोर कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हाही ओठांपर्यंत आलेलं गिळून टाकलं. आणि आता पुन्हा नाताळ येत होता. दुखवट्याच्या घरात चूल गोडाला लागत नाही, म्हणून शेजारपाजारचे आपापली ताटं आणून देणार. टेबलावर ताटांची रांग लागणार. त्या रांगेसमोर बसण्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी, असं तिला वाटत होतं, तेवढ्यात लताचा फोन आला.

लता म्हणजे साकीनाक्याच्या गाळ्यातली मैत्रीण. दोघींनी उभं आयुष्य एका बाकावर बसून इस्त्रीच्या वायरी जोडल्या. लता आता मुलुंडला, लेक-सुनेकडे राहायची. "सून म्हणते, आई, कुठेतरी फिरून या. एकटी कुठे मरायला जाऊ? तू चल," ती म्हणाली. डोरोथी एका शब्दात हो म्हणाली. लताच चाट पडली.

सांताक्रूझच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी लताची पिशवी अडवली. "तू हो पुढे, तू हो पुढे!" म्हणत तिने डोरोथीला जवळजवळ ढकललंच. लांबून डोरोथीला दिसलं ते एवढंच, की लता हातवारे करून तपासणीच्या बाईला काहीतरी पटवतेय आणि ती बाई हसतेय. "काय होतं गं?" तिने नंतर विचारलं. "खोबरेल," लता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला खोटं बोलता येत नाही हे जगाला माहीत आहे.

बेट मात्र झकास निघालं. निळं पाणी, माडांची सावली, आणि "कशी आहेस, सावरलीस का?" असं विचारणारं कुणीही नाही. डोरोथीला पहिल्याच दुपारी अशी झोप लागली की लताने दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. पण नाताळच्या सकाळी हॉटेलवाल्यांनी दारात कागदी तारा टांगला आणि तिने खोलीचा पडदा ओढून घेतला.

"चल, किनाऱ्यावर बसू," लता म्हणाली. तिच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

माडाखाली बसल्यावर तिने टॉवेल सोडला. आत स्टीलचं ताट होतं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेलं, आणि ताटात चुरा. "करंज्या होत्या गं. तुझ्यासारख्याच करायला गेले. विमानाने वाट लावली."

डोरोथीचं लक्ष चुऱ्याकडे नव्हतंच. बोटाने तिने कडेचा चुरा बाजूला केला. डोरोथी-झेवियर.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"झेवियरनेच दिलं, गेल्या नाताळात. कधी नव्हे तो मुलुंडपर्यंत स्कूटर हाणत आला होता."

"आणि वर्षभर तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? ताट रिकामं परत कसं करायचं? आणि तुझ्या घरी दुखवटा, तर नाताळाआधी गोड कसं भरायचं? आम्ही नाही पाळत तसलं काही, पण तुझ्या घरात तुझी रीत. मग म्हटलं, बेटावर ना तुझं घर ना माझं. तिथे देईन."

डोरोथीच्या डोळ्यांना धार लागली. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं: ते शोधणं, ते ओरडणं, तो शेवटचा शब्द. "रडत गेला गं तो. माझ्यामुळे रडत गेला. बिचारा विसरला होता, आणि मी..."

लताने कपाळावर हात मारला.

"विसरला? कोण, झेवियर? अगं बये, माझ्या दारात उभा राहून हसत होता! म्हणाला, 'मुद्दाम लग्नाचं ताट आणलंय. डोरोथी शोधून शोधून घर उलटं करील. तिच्या शिव्या खाल्ल्याशिवाय मला नाताळ लागत नाही. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला मीच सांगतो तिला, तोवर तू तोंड उघडू नकोस.' त्याआधीच तो गेला. मला काय माहीत तू हे उराशी धरून बसलीस!"

ती दुपार डोरोथीने वर्षभर रोज पाहिली होती: भिंतीकडे वळलेलं तोंड, हलणारे खांदे. आता तिला आठवलं, चोरून हसताना झेवियर नेहमी असाच पाठ फिरवायचा. चर्चमध्येसुद्धा. संसारभर पाहिलेली ती पाठ तिला त्या दिवशी ओळखता आली नव्हती.

"हसत होता," ती म्हणाली. "मेला हसत होता!"

आणि छातीवरचा धोंडा असा सरकला की तिला आधी नीट श्वासच घेता येईना. ती हसली, रडली, पुन्हा हसली. मूठभर चुरा तिने तोंडात टाकला. "साखर जास्त झालीय," भरल्या तोंडाने तिने सांगून टाकलं.

मग ती उठली, साडी सावरून घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि समुद्राकडे तोंड करून तिने सुरुवात केली. मेल्या, लबाडा, ढोंग्या, वर्षभर मला जाळलंस, थांब, वर आले की बघते तुला! गावठाणात ऐकू जाईल असा आवाज. दोन पर्यटक लगबगीने लांब सरकले. लता ताट मांडीवर घेऊन शांतपणे ऐकत होती.

शिव्या संपल्यावर डोरोथीने पदराने तोंड पुसलं.

"लागला का रे आता नाताळ?" तिने विचारलं, आणि उरलेला चुरा खायला परत येऊन बसली.