सरळ केलेला ठोका

माझ्या शालकाने, अर्थात पत्नीच्या धाकट्या भावाने, माझ्या हाताचा जो अवमान केला, तो जसा घडला तसा येथे नमूद करीत आहे. त्यात माझा दोष कोठे आहे, तेही लपवणार नाही.

आमचा रॉक बँड तिघांचा. शालक गातो व गिटार वाजवतो, लंबू म्हणून ओळखला जाणारा उंच इसम बेस सांभाळतो आणि दिवसा लोखंडी फाटके जोडणारा मी ड्रम वाजवतो. आठ वर्षांनी आमचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पाठीवर कोणत्याही कंपनीचा हात नव्हता. भिंतींना गाद्या ठोकलेले एक तळघर, हाच आमचा स्टुडिओ. ठेका चुकू नये म्हणून रेकॉर्डिस्टने माझ्या हेडफोनमध्ये टिकटिक सोडली होती. मी मात्र एक कान उघडा ठेवूनच वाजवले. कारण माझा ताल यंत्रावर नव्हे, तर शालकाच्या श्वासावर चालतो. ध्रुवपद उचलण्यापूर्वी तो छाती भरून घेतो. तेवढा क्षणभर मी हात रोखतो. याविषयी आम्ही कधी एक शब्दही बोललो नव्हतो. ते आपसूक अंगवळणी पडले होते.

अल्बम सोमवारी प्रसिद्ध व्हायचा होता. आदल्या बुधवारी मला ऐकण्यास बोलावले, तेव्हा पहिल्याच गाण्यात मला माझा हात ओळखू येईना. रेकॉर्डिस्टने माझा प्रत्येक ठोका उचलून संगणकाच्या पडद्यावरील टिकटिकीच्या उभ्या रेघेवर नेऊन बसवला होता.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"मी," शालक म्हणाला. "भावोजी, तुमचा ठोका लंगडतो. लोक हसतील."

"आठ वर्षं नाही लंगडला तो?"

"आठ वर्षं ताईच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो."

"लंबू, तू तरी बोल."

"मला मधे ओढू नका," लंबू मोबाइलमध्ये डोके घालून म्हणाला. "मला दोघांच्याही घरी चहा मिळतो."

"माझं होतं तसं ठेव," मी शालकाला बजावले.

"फाटक वाकडं जोडलं तर गिऱ्हाईक घेतं का? मग इथं का घ्यावं?"

घरी पत्नीपुढे मन मोकळे केले, तर तिने जखमेवर मीठच चोळले. "त्याचं तोंड वाईट आहे, पण कान चांगला आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एका वाद्यांच्या दुकानात अल्बमच्या प्रचाराचा कार्यक्रम होता. चाळीसेक श्रोते जमले. "अल्बमवर आहे अगदी तसंच ऐकवणार," शालकाने जाहीर केले आणि मागे वळून दात आवळून म्हणाला, "आज तरी सरळ वाजवा. टिकटिक दोन्ही कानांत."

मी आज्ञा पाळली.

तिसऱ्या गाण्यात त्याने छाती भरली. मी थांबलो नाही. तो अर्धी ओळ मागे पडला. पुढच्या ध्रुवपदाला त्याने श्वासच गाळला, तेव्हा मध्येच त्याचा आवाज फाटला. अल्बमवर हे कळत नव्हते, कारण तेथे त्याचा आवाजही तुकडे कापून जोडलेला होता. त्याने वळून डोळ्यांनी मला थांबण्याची खूण केली. ती मी स्पष्ट पाहिली, आणि तरीही हात रोखला नाही. टिकटिकीवर खापर फोडण्यात अर्थ नाही. विष माझ्याच मनात होते.

"गाणं पुढं, गायक मागं!" कोणीतरी ओरडले. हशा पिकला. शालकाने गिटारची वायर उपटली व तो मागच्या गोदामात निघून गेला.

आम्ही त्याच्या मागोमाग गेलो.

"मुद्दाम केलंत."

"तू म्हणालास तसंच केलं."

"मला दम लागतो, हे तुम्हाला माहीत होतं!"

"आठ वर्षांपासून."

"हाणामारी करायची तर दार लावू का?" लंबू म्हणाला. "बाहेर सगळं ऐकू जातंय."

शालकाने माझ्यासमोरच रेकॉर्डिस्टला फोन लावला. "ड्रम मुळात होते तसे ठेव. माझा आवाजही. सगळं परत लाव." मग माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला, "आणि ड्रमरचं नाव काढून टाक. नाही, दुसरं कुणाचं नको. जागा मोकळी सोड."

फोन खिशात टाकून त्याने विचारले, "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो, आणि ते सत्य होते.

"मग यापुढं मला तुमचं तोंड दाखवू नका. ताईला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

मी पुन्हा दुकानात जाऊन, उरलेल्या श्रोत्यांच्या देखत, झांजा उतरवू लागलो.