पहिल्या बास्केटपर्यंत

"बूड खुर्चीला टेकलंच पाहिजे," ऑर्व्हल पिकेटने पॉपकॉर्नचा पुडा छातीशी धरून डेलमारच्या कानात सांगितलं आणि तो पुढच्या कानाकडे सरकला. "आज कुणी उभं राहायचं नाही. मागे सांग."

शनिवारची दुपार. बाहेर इंडियानाच्या मक्याच्या रानांवरचा बर्फ दगडासारखा झाला होता आणि टॅनर कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये माणसांची ऊब दाटली होती. हरणारा संघ बघायला एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या गावात होत नसेल. पण इथे लग्नंसुद्धा सामन्यांचं वेळापत्रक बघून ठरत.

टॅनरची एक रीत होती. खेळ सुरू झाला की अख्ख्या हॉलने उभं राहायचं आणि आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत टाळ्या वाजवत उभंच राहायचं. चांगल्या दिवसांत माणूस नीट उभा राहतोय तोच बसायची वेळ यायची. कोच केंट हॅगर्टी आल्यापासून मात्र लोक उभ्या उभ्या म्हातारे व्हायला लागले. गेल्या महिन्यात एक बाई उभी राहिली तेव्हा पोटुशी होती आणि बसली तेव्हा मांडीवर पोर होतं, असं ऑर्व्हल न्हाव्याच्या दुकानात शपथेवर सांगत असे.

हॅगर्टीची पोरं बॉल बास्केटकडे फेकतच नसत. एखादं तान्हं मूल कौतुकाने या कडेवरून त्या कडेवर द्यावं, तसा एकमेकांकडे देत राहत. सामना हातातून निसटत असला तरी खेळ थांबवून पोरांना समजवायला कोच टाइमआउट घेत नसे. म्हातारपणाला लागतील म्हणून शिलकीत टाकत असावा. पत्रं लिहून झाली, रेडिओवर फोन करून झाले, शिव्या तर घसा बसेपर्यंत देऊन झाल्या. आता ऑर्व्हलने हा शेवटचा उपाय काढला होता. सगळा हॉल बसलेला दिसला की वर सज्ज्यातले विश्वस्त काय ते समजतील आणि हॅगर्टीला नारळ देतील.

"पोरांना वाईट वाटेल रे," शेजारच्या खुर्चीतली त्याची बायको लॉर्ना म्हणाली.

"पोरांना नाही, त्या टायवाल्या कोचला वाटू दे."

राष्ट्रगीत झालं. पंचाने बॉल वर उडवला आणि हॉल बसला. मग अशी शांतता पसरली की खेळाडूंच्या बुटांची चूंचूं छतापर्यंत ऐकू येऊ लागली. पोरं गोंधळून वर बघायला लागली. ऑर्व्हलला धन्य वाटलं. पुढची सगळी डोकी त्याला स्पष्ट दिसत होती. जरा जास्तच स्पष्ट. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण उभे आहोत. आणि टाळ्या वाजवतो आहोत.

"बस की मेल्या!" लॉर्नाने त्याचा कोट ओढला.

तो वाकला. तेवढ्यात टॅनरच्या एका पोराने बॉल फेकला, बॉल बास्केटच्या कड्यावर घुटमळला आणि ऑर्व्हल पुन्हा ताठ झाला. आता पडेल, मग बसतो. बॉल पडला नाही. पुढचाही नाही. मूतखड्याने कळवळत असतानासुद्धा तो या हॉलमध्ये बास्केटच्या आधी बसला नव्हता. आज अंगाला कितीही सांगितलं तरी ते ऐकेना.

"फितूर!" डेलमार मागे वळून ओरडला. पॉपकॉर्नचा एक दाणा ऑर्व्हलच्या कानावर आपटला.

"हॅगर्टी तुझा जावई लागतो काय रे?" वरून कुणीतरी विचारलं आणि हॉल हसला.

त्या हसण्याने कोच मागे वळला. बसलेल्या गर्दीत एकटा उभा राहून टाळ्या वाजवणारा म्हातारा त्याला दिसला. तो बघत राहिला. मग छातीवर हात ठेवून त्याने मान किंचित झुकवली. ऑर्व्हलचा चेहरा लाल झाला, हात थांबले नाहीत. शेवटी एकदाची बास्केट पडली, तीही समोरच्या संघातल्याच पोराच्या हाताला लागून. ऑर्व्हल खुर्चीत कोसळला.

सामना हरले, हे सांगायला नकोच. लोकांची तोंडं चुकवायला ऑर्व्हल हॉलच्या बोळात रेंगाळला, तर हॅगर्टीच समोर आला. त्याने ऑर्व्हलचा हात दोन्ही हातांत धरला.

"साहेब, आज सामना संपला की राजीनामा द्यायचा, असं ठरवून आलो होतो. बायकोने घरी खोकीसुद्धा भरायला घेतली होती."

ऑर्व्हलने हात सोडवून घ्यायला बघितलं.

"मग तुम्ही दिसलात. आत्ताच तिला फोन केला. म्हटलं, खोकी उघड. एक माणूस जरी उभा असला तरी मी अजून एक वर्ष काढीन."

ऑर्व्हलने तोंड उघडलं. कोचने हात अजून सोडला नव्हता. ऑर्व्हलने दुसऱ्या हाताने चष्मा काढला, कोटाला पुसला, परत घातला.

"पोरांना बॉल फेकायला शिकवा," तो म्हणाला.

"शिकवतो, साहेब. शिकवतोच."

बाहेर डेलमारची गाडी सुरू होती. लॉर्नाने सरकून जागा केली. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर डेलमारचा राग जरा उतरला.

"काय म्हणत होता तो?"

"रस्ता निसरडा आहे म्हणाला."

"जाऊ दे. तुझं एकट्याचं सोड, बाकी काम फत्ते झालं. विश्वस्तांनी डोळ्यांनी बघितलं. पुढच्या वर्षी हॅगर्टी काही दिसत नाही, माझ्याकडून लिहून घे." त्याने आरशातून मागे पाहिलं. "काय रे, खूश नाहीस?"

"तू समोर बघून चालव," ऑर्व्हल म्हणाला.