विमलाबाईची वीत

तेल आणि वायू उत्पादकांनी भावाच्या जोखमीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास जेव्हा कधी लिहिला जाईल, तेव्हा त्यात केळझरचं नाव सुवर्णाक्षरांनी कोरावं लागेल. कोरणाऱ्याला एवढंच आधी सांगून ठेवावं लागेल की केळझरमध्ये तेल नाही, आणि जो वायू आहे तो दहा जनावरांच्या मागून निघतो.

ही जनावरं नत्थूजींची. सहा म्हशी, दोन गाई आणि एक बैलजोडी. घरामागे अनुदानातून बांधलेला गोबरगॅसचा प्लांट होता. शेणकाल्याच्या खड्ड्यावर लोखंडी टाकी पालथी घातलेली. गॅस साठला की ती वर चढायची, जळला की खाली उतरायची. घरच्या चुलीला पुरून उरलेला गॅस नत्थूजी काळ्या पाइपातून पुंडलिकरावांच्या पेढ्याच्या भट्टीला विकत. गणपतीच्या देवळाच्या पायथ्याशी असलेल्या या भट्टीवर चतुर्थीला उसंत नसे. मीटर वगैरे प्रकार नव्हता. टाकी किती वीत उतरली ते पाहायचं आणि वितीमागे पैसे घ्यायचे. वीत नत्थूजींच्या बायकोची, विमलाबाईंची. कारण टाकीपाशी कोपरापर्यंत हात भरवून त्याच उभ्या असत.

वितीचा भाव मात्र केळझरमध्ये ठरत नसे. सेलूच्या बसस्टँडवर ब्लॅकचा सिलिंडर ज्या दिवशी ज्या भावानं जाई, त्यावर तो चढे-उतरे. २००० सालच्या पावसाळ्यात वीत दहा रुपयांना होती, आणि रोज तीन विती जात होत्या.

या तीन वितींवर काजल वर्ध्यात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. खोली आणि मेस, दोन्ही शेणावर. बापानं लेकीला हे स्वच्छ सांगितलं होतं. "गॅस चालला तं तू शिक. गॅस बसला तं घरी ये. पुलगाववाले दोनदा इचारून गेले." पुलगाववाल्यांचा मुलगा चांगला होता. त्याच्याबद्दल कोणालाच काही वाईट सांगता येत नव्हतं, आणि काजलची खरी अडचण तीच होती.

कॉलेजात सरांनी एक दिवस नोट्स सांगितल्या : तेल व वायू उत्पादक कंपन्या भाव पडण्याच्या भीतीपोटी भविष्यातला माल आजच ठरलेल्या भावानं विकण्याचा हक्क विकत घेतात, स्वल्पविराम, त्यासाठी थोडी रक्कम आगाऊ देतात, पूर्णविराम. काजलनं हात वर केला.

"सर, आमच्या घरी गॅस निघतो. आम्हाले घेता येते का हक्क?"

वर्ग तीन मिनिटं हसला. सर म्हणाले, "बसा. वायदेबाजार मुंबईत आहे. वर्ध्यात फक्त नोट्स आहेत."

काजल शनिवारच्या एसटीनं घरी आली ती बातमी घेऊनच. सेलूला गॅसची एजन्सी उघडणार होती. एजन्सी आली की ब्लॅक बसणार, ब्लॅक बसला की वीत बसणार, आणि वीत बसली की पुलगाव. हे गणित तिनं चुलीपुढे बसून आईबापाला समजावलं. हक्काचंही सांगितलं. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढंच? याले आपल्याकडे मंदी म्हन्तेत. भैय्याजी खातात मंदी."

भैय्याजी म्हणजे केळझरचे किराणा आणि कापसाचे व्यापारी. वडिलांच्या काळापासून त्यांच्या घराण्यात तेजी-मंदीचा सौदा होता. भाव पडायची भीती असलेला माणूस नजराणा देऊन मंदी लावी; भैय्याजी नजराणा घेऊन ती खात, म्हणजे भाव पडला तर ठरल्या भावानं माल घ्यायला बांधले जात. सरकारनं हा धंदा कधीचाच बंद केला होता, त्यामुळे भैय्याजी तो फक्त ओळखीच्या लोकांशी करत.

"मंदी खाता का, भैय्याजी?" नत्थूजींनी गादीच्या कडेला बसत, चहा घेता का अशा सुरात विचारलं.

"कायची? कापसाची?"

"गॅसची."

भैय्याजींना ठसका लागला. "नत्थूजी, चाळीस वर्षांत कापसाची खाल्ली, सरकीची खाल्ली, एक डाव तुरीची खाल्ली. शेनाची नाई खाल्ली."

"शेनाची नाई, काकाजी, गॅसची," काजल म्हणाली. "पोळ्यापासून होळीपर्यंत रोज तीन विती, दहाच्या भावानं. आमी आनला तं तुमी घ्याचा. भाव चढला तं आमी पुंडलिकरावले विकू, अन् तुमचा नजराना तुमच्यापाशी. दोनशे एक्कावन."

भैय्याजींनी चष्मा वर केला. "हे तुले कोनं शिकवलं?"

"कॉलेजात."

"फी घेतेत?"

"हव."

"माह्या बापानं मले फुकटात शिकवलं." ते खूश झाले. "देख बेटा, गॅस कधी सस्ता झाला का? एजन्सी म्हन्ता, तं नंबर लागता लागता तुमच्या म्हशी म्हाताऱ्या होतीन. लाव नजराना."

चिठ्ठी लिहिली गेली. भैय्याजींचा मुलगा हेमराज मागून म्हणाला, "बाबूजी, वीत कोनाची ते लिहा." भैय्याजींनी लिहिलं : विमलाबाईची. उगाच पुढे झगडा नको.

दसऱ्याला सेलूत एजन्सीचा मांडव पडला. नंबर लावायची गरजच उरली नाही. कागद द्या, सिलिंडर घ्या. दिवाळीच्या आत बसस्टँडवरचा ब्लॅकवाला मोसंबी विकू लागला. पुंडलिकरावांनी भट्टीवरूनच आवाज दिला, "नत्थूजी, आजपासून चार रुपये वीत. वाईट मानू नका, मी बी कनेक्शन घेऊन राह्यलो."

नत्थूजी घरी आले आणि टाकीपाशी जाऊन उभे राहिले. "पोरीले बोलावून घे," ते विमलाबाईंना म्हणाले.

"काऊन? पेटीत चिठ्ठी हाये ना?"

भैय्याजींनी चिठ्ठी पाहिली आणि मान डोलावली. "माझीच हाये. पन नत्थूजी, मंदीत माल कोनी आनते का? होळीले बसू, जो फरक निघन तो देतो." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो गाठींचे सौदे केले होते आणि एकही गाठ पाहिली नव्हती.

नत्थूजींनी मात्र न पाहिलेली वस्तू कधी विकली नव्हती. "होळीले पोरीची परीक्षा, भैय्याजी. मेस दर महिन्याची हाये. फरक-बिरक मले समजत नाई. 'गॅस आनला तं घेईन' असं लिवलं हाये तुमी. मी आनतो."

ते गेल्यावर हेमराज वर्ध्याला वकिलाकडे जाऊन आला. परतला तो हसतच. "बाबूजी, चिंताच नाई. असा सौदाच बेकायदा हाये. कोर्टात चिठ्ठीची किंमत शून्य."

"येडा झाला का बे?" भैय्याजी कडाडले. "कायद्याची चिठ्ठी असती तं दहा वर्षं कोर्टात लढलो असतो. हे बिनकायद्याची हाये! हे मोडली तं उद्या माह्या संग सौदा कोन करन?"

चतुर्थीचा दिवस होता. देवळाच्या रस्त्यावर भाविकांची रीघ लागलेली, आणि तिच्या कडेकडेनं नत्थूजी खांद्यावरून काळा पाइप सोडत चालले होते. तीनशे फूट. वर्ध्याहून आलेली काजल मागून जोड आवळत होती.

"कुठी चालली हे पाइपलाइन?" लोक विचारत.

"भैय्याजीच्या घरी. त्याइनं मंदी खाल्ली."

दुपारपर्यंत गणपतीचं दर्शन घेतलेल्या प्रत्येकाला हेही कळलं होतं, आणि निम्मे लोक पाइपाच्या मागे गेले. भैय्याजींच्या दारात त्यांच्या पत्नी सुमित्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. घरात अकरा माणसं आणि स्वयंपाकघरावर राज्य त्यांचं.

"नत्थूजी, गाईचा हाये का म्हशीचा?"

"मिक्स हाये, बाई."

"मिक्स माह्या चुलीवर नाई चालत. ठाकुरजीचा भोग बनते इथं."

नत्थूजींनी शांतपणे विचार केला. मागे सगळं गाव उभं होतं. "निळा जळते तो गाईचा, बाई. पिवळा जळला तं बंद करजा."

सुमित्राबाईंनी काडी ओढली. शेगडी एकदा खोकली, फुरफुरली आणि निळीशार पेटली. सुमित्राबाईंनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि शिऱ्याची कढई चढवली. दारातून कोणीतरी "मोरया!" ओरडलं, मग सगळेच ओरडले. भैय्याजींनाही ओरडावं लागलं.

एक अडथळा राहिला होता. संध्याकाळी हेमराज टाकी मोजायला आला आणि आपला रुंद पंजा लोखंडावर पसरून म्हणाला, "दोन. दोनच विती भरल्या."

"हात काढ, बाबू," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी आपला शेणानं माखलेला आखूड हात टाकीवर ठेवला. एक. दोन. तीन. "चिठ्ठीत माही हाये."

हेमराजनं तीन लिहिल्या.

त्यानंतर महिन्याच्या एक तारखेला हेमराज नऊशे रुपये घेऊन नत्थूजींच्या दारात येई, आणि दोन तारखेला वर्ध्यात काजलची मेस भरली जाई. पुलगाववाल्यांना थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत, मुलाचं आर्वीला जमलं. काजल पुढे पहिल्या वर्गात पास झाली. गावातली माणसं तुरीची, सोयाबीनची, एकजण तर दुधाची मंदी लावायला भैय्याजींच्या गादीवर येऊ लागली. भैय्याजींनी कोणालाच नाही म्हटलं नाही. नजराणा पाचपट केला. नत्थूजींना आता लोक रस्त्यात थांबवून जगातल्या तेलाचं काय होईल ते विचारत, आणि नत्थूजी सांगत.

होळीच्या दिवशी चिठ्ठीची मुदत संपली. हेमराजनं वही काढून आपल्या घरी आलेल्या एकूण एक विती मांडल्या आणि एजन्सीच्या किलोंशी ताडून पाहिल्या. अकरा सिलिंडर भरले. म्हणजे घरचे तेवढे सिलिंडर वाचले होते; शेणाची मंदी भैय्याजींना गावाला वाटली तेवढी महागात पडली नव्हती.