पाचवी चौकट

हाल्वदान आमच्या स्की-क्लबचा प्रमुख आणि या रिले शर्यतीचा मुख्य पंच. त्याने सकाळीच बजावलं होतं, "हात अंगाला लागला पाहिजे. काठीला लागला तर चालणार नाही. बाकी कशाची काळजी करू नकोस, सिग्वार्त."

जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने तीन-तीन फेऱ्या मारायच्या. येणाऱ्याने हात लावल्याशिवाय जाणाऱ्याने निघायचं नाही. असे पाच बदल, म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक संघासमोर पाच चौकटी. हात लागला की बरोबरची खूण, नाही तर फुली. माझ्याकडे तीन संघ होते आणि त्यांतला एक आमचा, नॉर्वेचा.

"तीस वर्षं वाचनालयात काढलीस," शेजारची पंच गुद्वेग म्हणाली, "आणि एकदा तरी कुणाला गप्प बस म्हणालास? तुला पंच कुणी केलं रे?"

"माणसं कमी पडली म्हणून."

"तेच म्हणते मी."

मी हसलो, पण मला काळजी डोळ्याची होती. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या शरद ऋतूत झालं होतं. दिसतं चांगलं, असं डॉक्टर म्हणतात. मला मात्र दर वेळी दोनदा पाहावंसं वाटतं, आणि इथे कुठलीही गोष्ट दोनदा होत नव्हती.

पहिले चार बदल नीट झाले. प्रत्येक वेळी मी चौकटीत खूण केली. पाचव्या वेळी बर्फ भुरभुरायला लागला. आमचा वेट्ले स्वीडनच्या माणसाला खेटून चढावरून आला, तेव्हा सगळं मैदान एकदम ओरडलं, "हेया! हेया! हेया!" पुढे त्याचा जोडीदार तोरग्रिम पाठ करून, वाकून उभा होता. त्या आरोळीने जणू ढकलल्यासारखा तो निघाला. वेट्लेने हात लांबवला. त्याचा हातमोजा आणि तोरग्रिमची पाठ यांच्यामध्ये मला पडणारा बर्फ दिसला.

दिसला ना? की मला तसं वाटलं?

तोवर ते दोघे पुढे गेले होते. मी नॉर्वेसमोरची पाचवी चौकट कोरी ठेवली.

तोरग्रिमने स्वीडनला अर्ध्या स्कीच्या लांबीने हरवलं. लोक कुंपणावरून आत उड्या मारत होते. माझ्या गळ्याभोवती कुणीतरी हात टाकला आणि माझी टोपी बर्फात पडली. मी ती उचललीही नाही. माझ्या मुठीत तो कागद घामाने ओला होत होता.

"गुद्वेग, तू पाहिलंस का?"

"मी माझे संघ पाहत होते." तिने माझ्या कागदाकडे नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला. "अरे देवा. सिग्वार्त, नीट आठव हं. नीट."

पंचांच्या लाकडी खोलीत चित्रफीत तीनदा लावली गेली. नेमक्या त्या क्षणी स्वीडनचा माणूस मध्ये आला होता आणि त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं. हाल्वदानने माझ्यासमोर पेन्सिल ठेवली.

"घाईत खूण करायची राहिली असेल तर आता कर," तो हळूच म्हणाला. "होतं असं."

मी पेन्सिल घेतली. उद्या दुकानात, चर्चमध्ये, बसच्या थांब्यावर दिसणारे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून सरकले. त्याहून वाईट दुसरंच होतं. हात लागला असेल आणि माझ्या डोळ्यालाच दिसला नसेल तर? दोन पोरांची सगळ्या हिवाळ्याची मेहनत एका म्हाताऱ्याच्या डोळ्यापायी जाईल.

मी फुली मारली.

"खात्री आहे?"

"नाही."

"नाही? मग ही फुली कशाला, बाबा?"

"हात लागलेला मी पाहिला नाही. खूण करायची तर पाहिला असं लिहावं लागेल." माझा आवाज इतका बारीक निघाला की खोलीतल्या परदेशी पंचाने काय म्हणालो ते पुन्हा विचारलं. ते पुन्हा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

तोरग्रिमला बोलावलं. तो म्हणाला, "एवढा गोंगाट होता, पाठीला काही लागलं का ते खरंच कळलं नाही." वेट्ले नुसता म्हणाला, "मी हात पुढे केला होता."

निकाल यायला वीस मिनिटं लागली. नॉर्वे बाद. बाहेर निषेधाच्या शिट्ट्या सुरू झाल्या. हाल्वदान म्हणाला, "मागच्या दाराने जा."

मागच्या दाराशी वेट्ले उभा होता. स्की हातात, दाढीवर बर्फ. आता हा मला मारणार, असं मला खरोखर वाटलं.

"तुम्हीच ना ते?" तो म्हणाला.

"हो."

"किती अंतर होतं?"

मी दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरून दाखवलं, साधारण वीतभर. त्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग हातमोजा काढून त्याने माझा एक तळवा दुसऱ्याजवळ ढकलला, चार बोटांचं अंतर राहीपर्यंत.

"एवढंच होतं," तो म्हणाला.