काजळी कुणी नेली

घराच्या फरशीचं काम निघालं तेव्हा ऋतुजानं आपली सगळी जनावरं मागच्या खोलीत कोंडली. तीन मांजरं, लंगडा मोत्या आणि सशांची जोडी. तिचं शिलाई मशीन, गॅस आणि नवरा-बायकोचं अंथरूणही तिथंच. शहाजी सकाळीच चिंचोळीच्या कारखान्यात जायचा. धूळ, ठोकाठोक आणि भुंकणं तिच्या एकटीच्या वाट्याला.

काळी मांजर काजळी मात्र कोंडून राहायची नाही. खिडकीतून निसटायची, वाळूच्या ढिगात घाण करायची. एकदा ओल्या सिमेंटवरून ती ठसे उमटवत गेली आणि गवंडी सिद्धाप्पा भडकला.

"ताई, हिचा बंदोबस्त करा. न्हायतर मीच करतो बघा."

दुसऱ्या दिवसापासून काजळी दिसेना.

ऋतुजा गल्लीभर हाका मारत फिरली. सिद्धाप्पाला विचारलं तर थापी न थांबवता तो म्हणाला, "मला काय म्हाईत? फरशी बसवू का मांजरं राखू?"

दुपारी तो फोनवर कन्नडमध्ये कुणाशी तरी बोलत होता. मध्येच हसला. त्यात 'बेक्कु' हा शब्द आला. शेजारच्या नीलम्मामुळं तेवढं कन्नड ऋतुजाला कळायचं. बेक्कु म्हणजे मांजर.

मग तिला एकेक गोष्ट खटकू लागली. बाथरूममधला जुना कोनाडा त्यानं नेमका काजळी नाहीशी झाली त्याच दिवशी विटा लावून बुजवला होता. काम करताना दार लावून घेतलं होतं. आणि आता मोत्या त्याच भिंतीशी जाऊन नाकानं हुंगत होता.

संध्याकाळी तिनं शहाजीला सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, "मांजर हाय, येईल की." त्याच्या मनगटावर लांब ओरखडे होते. "कारखान्यात पत्रा लागला," तो म्हणाला. तिनं हळद लावून दिली.

रविवारी शहाजी घरी असताना तिनं सिद्धाप्पाला गाठलं. "मिस्त्री, तो कोनाडा फोडा."

"काऽ?"

"मला आत बघायचंय."

सिद्धाप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला कळलं. "माझ्या लेकीकडं दोन मांजरं हायती, ताई. कालच फोनवर तिच्याकडनं त्यांच्या खोड्या ऐकत होतो." तरी त्यानं छिन्नी-हातोडा उचलला आणि नवी टाईल आपल्याच हातानं फोडली. शहाजी दारात उभा राहून मोबाईल बघत होता. विटा निघाल्या. आत खडी आणि सिमेंटची रिकामी गोणी, बस्स.

सिद्धाप्पा खाली बसून तुकडे गोळा करू लागला, तेवढ्यात ऋतुजाचा फोन वाजला. वळसंगहून नणंद चंद्रिका बोलत होती.

"वैनी, दादानं आणून सोडलेली मांजर कायबी खाईना. तुमी तिला काय घालता ओ?"

ऋतुजानं फोन कानावरून काढला. शहाजीचं बोट मोबाईलवर थांबलं होतं.

"मिस्त्री काम सोडून गेला असता," तो पुटपुटला. "म्हटलं, चार दिवसांनी विसरशील."

"आणि भिंत फुटताना बघत उभे राहिलात?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"मिस्त्री, चुकलं माझं," ऋतुजा म्हणाली.

"तुमचं ऱ्हाऊ द्या, ताई," सिद्धाप्पा म्हणाला. "सायेबांनी तोंड उघडलं असतं तर टाईल तरी वाचली असती." त्यानं कोनाडा पुन्हा बांधला. पुढं काम संपेपर्यंत तो शहाजीशी एक शब्द बोलला नाही.

वळसंगला ती एकटीच गेली आणि पाटीत घालून काजळीला घेऊन आली.

काम उरकल्यावर एक दिवस एका सशाचा कान सुजला. शहाजी आपणहून म्हणाला, "आण, डॉक्टरकडं दाखवून येतो." त्यानं गाडी सुरू केली. ऋतुजानं मशीनवरचं ब्लाऊज तसंच टाकलं, पायात चप्पल अडकवली आणि सशाची पाटी मांडीवर घेऊन मागं बसली.

"तू कशाला?" त्यानं विचारलं.

"चला," ती म्हणाली.